अंतर्गळ, जांघेतील : प्रौढांवरील शस्त्रक्रिया

ओटीपोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे किंवा वपाजाल (आतड्यांवरील चरबीचा पडदा) जांघेत उतरणे म्हणजे जांघेतील अंतर्गळ (हर्निया). पुरुषांत याचे प्रमाण बरेच जास्त. औषधाने वा पट्ट्याने तो बरा होत नाही. ओझी उचलल्याने तो होतो की मुळातली दुर्बलता त्यामुळे उघड होते, याबाबत मतभेद आहेत.

निदान : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हत्तीरोगामुळे हायड्रोसीलचे (वृषणाभोवती पाणी साठण्याचे) रुग्ण पुष्कळ असल्याने अंतर्गळ व हायड्रोसील यांत गल्लत होते. खोकल्यावर फुगणारी, आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ बहुधा अंतर्गळाची. हायड्रोसीलच्या गाठीतून बॅटरीचा उजेड आरपार दिसतो. गाठ आत जाईनाशी होऊन दुखू लागली व उलट्या सुरू झाल्या, तर आतडे सडण्याचा धोका असतो.

पद्धती : बास्सीनी (इटली, १८८० चे दशक) यांनी भिंत टाक्यांनी शिवून बळकट केली, टाक्यांवर ताण येई. लिख्टेनस्टाइन (अमेरिका, १९८० चे दशक) यांनी ताण न देता पॉलिप्रोपिलीनची जाळी बसवली. स्थानिक भूल पुरते. पुण्याचे मोहन देसर्डा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटाच्या बाह्य तिरप्या स्नायूच्या कंडरापटलाची पट्टी वापरली.

मच्छरदाणीची जाळी : दोंडाईचा (जि. धुळे) येथील शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड वापरले व २००३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण शल्यचिकित्सेतील हे मोठे योगदान होय. कापड कीटकनाशक न लावलेले हवे. ते १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीत (२०१६) वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाला अंतर्गळ पुन्हा झाला, बाजारी जाळीच्या गटात कोणालाच नाही. हा फरक नगण्य ठरला.

शस्त्रक्रिया केव्हा : त्रास नसल्यास थांबणे सुरक्षित, असे अमेरिकेतील एका चाचणीत (२००६) आढळले. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असणाऱ्यांना ते लागू पडते. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या भामरागडच्या (जि. गडचिरोली) रुग्णाची शस्त्रक्रिया आधीच उरकणे श्रेयस्कर.

वरोरा (जि. चंद्रपूर) व परिसरातील सोय : वरोऱ्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शोधग्राम (गडचिरोली) येथे ‘सर्च’ संस्था शस्त्रक्रिया शिबिरे भरवते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया : बहुधा संपूर्ण भूल लागते.