पाठ ताणणारें यंत्र

सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ग्रीस देशांत पाठीला कुबड आलेल्या रोग्यावर एक विलक्षण उपाय करीत असत. गाद्यागिरद्या बांधलेल्या शिडीवर रोग्याला पट्ट्यांनीं जखडावयाचें, दोरांनीं ती शिडी उंच बुरुजाच्या किंवा घराच्या माथ्यापर्यंत चढवावयाची आणि तेथून ती एकदम खालीं सोडावयाची. शिडी आदळली म्हणजे शरीराच्याच भारानें कणा ताणला जाईल आणि वर आलेला मणका आपल्या जागीं बसेल, अशी त्यामागील कल्पना. भोंवतालीं जमलेले लोक तोंडांत बोट घालून हा देखावा पाहात.

हिप्पोक्रेटिसच्या नांवावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यांतील सांध्यांविषयींच्या ग्रंथांत या उपायाचें सविस्तर वर्णन आलेलें आहे. वर्णन करणाऱ्यास मात्र तो मुळींच पसंत नव्हता. गर्दीला थक्क करण्याची हौस असलेले वैद्य याच्या नादीं लागतात, लोक वाहवा करतात, आणि पुढें त्या रोग्याचें बरें झालें कीं वाईट, याची विचारपूस कोणीच करीत नाहीं, असा त्याचा आक्षेप आहे. पाठ ताणून दुखणें बरें करण्याचा इतिहास या आक्षेपानें सुरू होतो, आणि अगदीं अलीकडच्या यंत्रांसही त्याचें उत्तर द्यावें लागतें.

ताणण्याची कल्पनाच त्या ग्रंथकारास अमान्य होती, असें मात्र नव्हे. त्यानें स्वतः एका भक्कम लांकडी बांकाची रचना सांगितली आहे. रोग्यानें त्यावर पालथें निजावें. छातीभोंवतीं आणि कंबरेभोंवतीं पट्टे बांधावे. दोन्ही टोकांस तरफा लावून मदतनिसांनीं परस्परविरुद्ध दिशांस ओढावें आणि त्याच वेळीं वैद्यानें कुबडावर तळहातांनीं दाब द्यावा. हा जोर कमीअधिक करतां येतो, हा या योजनेचा मोठा गुण. परंतु हीच शक्ति कोणीं अपाय करण्याच्या हेतूनें वापरली, तर तेथेंही ती तितकीच समर्थ ठरेल, हा इशाराही त्यानें देऊन ठेविला आहे. पुढील काळांत युरोपांत कबुलीजबाब काढण्यासाठीं माणसांना ज्या ताणयंत्रावर निजवीत, त्याची आकृति पाहिली म्हणजे हा इशारा किती खरा होता तें कळतें.

हा बांक शतकानुशतकें टिकला. रोमन काळांत गेलननें व पुढें मध्य आशियांत जन्मलेल्या इब्न सीनानें तोच मार्ग अनुसरला. १४६५ सालीं आमास्या येथील तुर्की शल्यवैद्य शरफुद्दीन साबुन्जुओग्लू यानें आपल्या सचित्र ग्रंथांत मणके ताणून बसविण्याची रीति चितारली. भारतांत सुश्रुतसंहितेनें मोडलेल्या हाडांसाठीं आंछन म्हणजे ओढणें, पीडन म्हणजे दाबणें, संक्षेप आणि बंधन अशा चार क्रिया सांगितल्या. शिवाय मांडी, कंबर व पाठ यांच्या भंगासाठीं रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधारानें निश्चल ठेवण्याचें कपाटशयनही सांगितलें.

परंतु या सर्व उपायांचें लक्ष्य होतें मोडलेलें किंवा निखळलेलें हाड. कंबरेंतून निघून मांडी, पोटरी आणि पाऊल यांपर्यंत उतरत जाणारी जी कळ अनेक घरांत परिचयाची आहे, तिचा या बांकाशीं तेव्हां कांहींच संबंध नव्हता. चरकसंहितेनें या व्याधीला गृध्रसी हें नांव देऊन तिची गणना वातविकारांत केली. १७६४ सालीं नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें या कळेचा एक प्रकार मज्जातंतूंतून उद्भवतो, असें आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. तंतूला कोण दुखवितें, हा प्रश्न तरीही शिल्लक राहिला.

त्याचें उत्तर मणक्यांच्या मधल्या चकत्यांत होतें. मानेपासून कंबरेपर्यंत अशा तेवीस चकत्या असतात. प्रत्येकीच्या कडेस चिवट तंतूंचीं एकावर एक कडीं असतात आणि मध्यभागीं पाण्यानें भरलेला मऊ गाभा असतो. दिवसभराच्या भारानें या चकत्यांतील थोडें पाणी बाहेर पडतें व रात्रीं निजल्यावर तें पुन्हां भरून येतें. म्हणूनच सकाळीं मनुष्याची उंची संध्याकाळपेक्षां किंचित् अधिक भरते. कड्यांना चीर पडून गाभा मागील बाजूस बाहेर आला, तर तो शेजारच्या मज्जातंतूवर दाब देतो व त्या ठिकाणीं दाह उत्पन्न करतो. व्यवहारांत याला गादी सरकणें असें म्हणतात. खरें पाहतां गादी सरकत नाहीं. ती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या पोटांतील गाभा तेवढा बाहेर येतो. शब्दाचा हा दोष किरकोळ नव्हे, कारण सरकलेली वस्तु ओढून जागीं बसवितां येईल, अशी आशा त्या शब्दांतच दडलेली आहे.

शल्यवैद्यांना असे बाहेर आलेले तुकडे पूर्वींही सांपडत. पण ते कूर्चेच्या गांठी समजून काढून टाकले जात. बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनीं १९३४ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून या तथाकथित गांठींपैकीं पुष्कळ म्हणजे फुटलेल्या चकत्यांचेच भाग होत, हें दाखवून दिलें. व्याधीचें कारण सांपडलें, शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला. आणि त्याचबरोबर जुन्या बांकालाही नवें प्रयोजन मिळालें. मणके दूर ओढले तर मधला दाब उतरेल आणि बाहेर आलेला गाभा आंत शोषला जाईल, असा तर्क पुढें आला.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील जेम्स सिरियॅक्स यांनीं १९५० च्या सुमारास या उपचाराचा जोरानें पुरस्कार केला. ठिकठिकाणच्या रुग्णालयांत कंबरेला पट्टा बांधून, कप्पीवरून दोर घेऊन वजनें टांगलीं जाऊं लागलीं. १९५५ सालीं अमेरिकेतील बर्नार्ड जुडोविच यांनीं एक साधी गोष्ट निदर्शनास आणली: रोग्याच्या वजनाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याएवढा जोर नुसत्या बिछान्याच्या घर्षणावर मात करण्यांतच खर्ची पडतो. म्हणजे लहानशा वजनांनीं कणा ताणला जात नव्हता. रोगी अंथरुणास खिळून राही, एवढेंच. यावर उपाय म्हणून दोन भागांत विभागलेलें, सरकणारें मेज आलें. १९९० नंतर त्याला संगणक जोडले गेले आणि ताणण्याच्या जुन्या क्रियेस शस्त्रक्रियेविना दाबमुक्ति असें नवें नांव मिळालें.

या नव्या यंत्राच्या बाजूनें एक प्रयोग नेहमीं सांगितला जातो. १९९४ सालीं रामोस आणि मार्टिन यांनीं मोजक्या रोग्यांच्या कंबरेंतील चकतींत नळी घालून, मेजावर ताण चालू असतांना आंतील दाब मोजला. तो शून्याच्या खालीं, पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरांहूनही अधिक उतरल्याचें त्यांनीं नोंदविलें. प्रयोग लक्षणीय खरा. परंतु त्यानें सिद्ध काय झालें, हें नीट पाहिलें पाहिजे. यंत्र चालू असतांना दाब उतरतो, इतकेंच त्यावरून कळतें. रोगी मेजावरून उठून जिना उतरूं लागला म्हणजे तो दाब पुन्हां चढतो. दाब उतरणें निराळें आणि दुखणें बरें होणें निराळें.

येथें काळ हा तिसरा वैद्य मध्यें येतो. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनीं शस्त्रक्रियेची आवश्यकता संदिग्ध असलेल्या १२६ रोग्यांची दैवयोगानें दोन गटांत वांटणी करून दहा वर्षें त्यांची विचारपूस केली आणि १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रकृति स्पष्टपणें अधिक चांगली होती. चार वर्षांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. पुढें एम्. आर्. आय्. च्या प्रतिमांनीं याचें एक कारण डोळ्यांना दाखविलें. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो आणि रक्तांतील भक्षक पेशी त्याला हळूहळू नाहींसा करतात. शस्त्रक्रिया न केलेल्या रोग्यांच्या २०१५ सालीं झालेल्या एका समालोचनांत, चकतीपासून पूर्ण सुटलेले तुकडे शेंकडा ९६ रोग्यांत, तर नुसता फुगवटा केवळ शेंकडा १३ रोग्यांत आपोआप ओसरल्याचें आढळलें. प्रतिमेंत जें सर्वांत भयंकर दिसतें, तेंच बहुधा लवकर विरघळतें.

आतां या काळांत रोगी जो उपाय करील, त्याला यश मिळाल्यासारखें दिसणारच. सहा आठवडे यंत्रावर निजलेला मनुष्य सातव्या आठवड्यांत चालूं लागला, तर श्रेय यंत्राला मिळतें. कारण यंत्र डोळ्यांना दिसतें, शरीराचें मुकाट काम दिसत नाहीं. म्हणूनच तुलनेवांचून गत्यंतर नाहीं. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ सालच्या समालोचनांत ३२ प्रयोगांतील २७६२ रोग्यांचा विचार झाला. कंबर ताणल्यानें वेदना, हालचाल किंवा कामावर परतणें यांत फरक पडला तर तो अत्यल्प, बहुधा नाहींच, असा त्याचा निर्णय आहे. कांहीं रोग्यांना मेजावर असतांना तात्पुरता आराम वाटतो, हें खोटें नव्हे. परंतु त्या आरामासाठीं घरांतील शिल्लक मोडावी किंवा तोच एकमेव तरणोपाय समजावा, इतका आधार त्यामागें नाहीं. आणि मूत्र वा शौच यांवरील ताबा सुटला, जांघेंतील संवेदना गेली किंवा पायांतील शक्ति झपाट्यानें कमी होऊं लागली, तर यंत्रावर एक दिवसही न दवडतां तांतडीनें रुग्णालय गांठावें लागतें. तेथें शस्त्रक्रियेला झालेला विलंब जन्माचें पंगुत्व आणूं शकतो.

सांध्यांविषयींच्या त्या ग्रीक ग्रंथांत आणखी एक नोंद आहे. बांकावर निजलेल्या रोग्याच्या कुबडाखालीं ग्रंथकारानें एकदां रिकामी कातडी पिशवी ठेविली, लोहाराच्या भात्याची नळी लावून ती फुगविली आणि कणा सरळ करण्याची खटपट केली. ती साफ फसली. ही हकीकत त्यानें लपविली नाहीं. जे उपाय करून पाहिल्यावर निष्फळ ठरले आणि ते कां निष्फळ ठरले, हें कळणेंही मोलाचें आहे, म्हणून आपण तें मुद्दाम लिहून ठेवीत आहों, असें तो सांगतो. त्याचा बांक विजेवर चालूं लागला. ती फसलेली पिशवी मात्र यंत्रांच्या जाहिरातींत कोठें आढळत नाहीं. आणि पाठदुखीनें गांजलेल्या मनुष्याला खरी गरज त्या नोंदीचीच आहे.