पिकलेली पडवळे

म्हातारपणावर मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाइतके रोखठोक मला दुसरे काही दिसत नाही. आणि ते लिहिणारा म्हातारा नव्हता. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, असा काळ दिला आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ चा धरा की ११९७ चा, तेव्हा त्यांनी विशी गाठलेली नव्हती. सहाच वर्षांनी आळंदीला त्यांनी समाधी घेतली. तरीही हे वर्णन ऐकीव वाटत नाही. गीतेच्या श्लोकात ‘जरा’ एवढाच शब्द आहे, तोही जन्म, मृत्यू आणि व्याधी यांच्या रांगेत. ज्ञानेश्वर मात्र त्या शब्दापाशी थांबतात आणि ओवीमागून ओवी रचतात. कमळाच्या पाकळ्यांशी चढाओढ करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. सरड्यांनी बरबटवलेल्या बाभळीच्या खोडासारखे तोंड लाळेने माखेल. कर्जात रुतलेल्या कुळवाड्यासारखी जीभ काही केल्या उठणार नाही.

देहाची किळस आणणे ही वैराग्यपर काव्याची जुनीच रीत, भर्तृहरीनेही म्हातारपण असेच रंगवले आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण परंपरेकडून विषय मिळतो, पडवळ मिळत नाही. ते परसातल्या मांडवावरून येते. वेलावर तसेच राहून गेलेले पडवळ तांबूस होते, मऊ पडते, बोट लावले की दबते. हे निरखून पाहिलेल्या नजरेलाच त्यात थकलेला डोळा दिसतो. कुळवाड्याचे कर्जही पोथीतले नाही, गावातले आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही वृद्धांची हेटाळणी नव्हे का? माझ्या मते नव्हे. इथे दुसऱ्याच्या सुरकुत्यांकडे बोट दाखवलेले नाही. ज्ञानी माणूस ऐन तारुण्यात स्वतःकडे पाहतो, आपलेही असेच होणार हे ओळखतो, आणि हातपाय धड आहेत तोवर आत्महित साधून घेतो. म्हणून या ओव्या मुळात तरुणांसाठी आहेत, म्हाताऱ्यांना घाबरवण्यासाठी नाहीत.

पारायणात हा भाग आपण भराभर वाचून पुढे जातो. एकदा तो सावकाश, मोठ्याने वाचावा, आणि वाचताना घरातल्या विशीतल्या मुलामुलींना जवळ बसवावे.