‘सर, पण बरोबर उत्तर कोणतं?’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्गात एखाद्या विषयाच्या दोन बाजू मांडून झाल्या, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, ‘सर, पण बरोबर उत्तर कोणतं?’ आपण हसतो, नाहीतर चिडतो. अमेरिकेतल्या विल्यम पेरी यांनी मात्र हा प्रश्न मनावर घेतला.

पेरी हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासाबाबत सल्ला देणारा विभाग चालवत. १९५८ साली त्यांनी पहिल्या वर्षाच्या दीड हजार मुलामुलींना इंग्लंडच्या इतिहासावरचं तीस पानी प्रकरण वाचायला दिलं. तपशिलाचे प्रश्न मुलांनी छान सोडवले. मग विचारलं, लेखकाला एकूण सांगायचंय काय, ते थोडक्यात लिहा. जमलं अवघ्या पंधरा जणांना! प्रकरणाच्या शेवटी सारांश दिलेला होता. पण पहिल्या ओळीपासून मुकाट वाचत जायची सवय. शेवट आधी पाहावा, हे सुचणार कसं?

ही मुलं हुशार नव्हती असं नाही. मग अडत होतं कुठं? पेरी आणि त्यांचे सहकारी १९५०च्या दशकापासून त्याच त्या विद्यार्थ्यांना दर वर्षअखेरीस भेटत होते. प्रश्न साधा असे : या वर्षात तुला विशेष काय जाणवलं? चार-चार वर्षांच्या या गप्पांतून १९७० साली पुस्तक तयार झालं. त्यात विचारांच्या वाढीच्या नऊ पायऱ्या आहेत.

सुरुवातीला जग सरळ असतं. एक बरोबर, बाकी चूक, उत्तर गुरुजींपाशी. मग कळतं, की गुरुजींतच मतभेद आहेत. तेव्हा मुलगा म्हणतो, ज्याचं त्याचं मत, मग माझे गुण का कापले? पुढे उमगतं, की मतंही पुराव्यावर तोलावी लागतात. आणि अखेर, पुरती खात्री नसतानाही आपली बाजू ठरवून तिची जबाबदारी घ्यावी लागते. काहीजण मधेच थबकतात, काही मागेही फिरतात.

पेरींचे विद्यार्थी बहुतेक मुलगे, तेही हार्वर्डचे. ही उणीव चार संशोधक स्त्रियांनी १३५ जणींशी बोलून भरून काढली. त्यांचं पुस्तक १९८६ चं. आपल्याला मत असू शकतं, हेच त्यातल्या काहींना ठाऊक नव्हतं!

शिकवण्यातही फरक पडला. १९७०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात ली नेफेलकॅम्प आणि कॅरोल विडिक यांनी या पायऱ्यांवर अभ्यासक्रम बेतले. नवख्यांना स्पष्ट चौकट आणि प्रत्यक्ष अनुभव, पुढच्यांना अधिक मोकळीक.

पण पेरींची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट १९७८ च्या एका लेखात आहे. वाढीची किंमत असते, असं ते सांगतात. खात्रीचं जग सुटतं, त्याचं दुःख होतं. ते कुणी ओळखलं, तर मुलाचं पाऊल पुढे पडतं.

तेव्हा मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, तर चिडू नये. विचारणाऱ्याच्या पायाखालची जमीन नुकतीच हललेली असते.