सोळा जानेवारी, सतरा जानेवारी

गोव्यात १६ जानेवारी आली की जनमत कौलाच्या आठवणी निघतात. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर तिथे दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, हुतात्मा दिन पाळतात. हा मुलूख म्हैसूर राज्यात जाणार असे १९५६ साली जाहीर झाले, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नवी रचना अमलात आली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. बेळगाव, खानापूर, निपाणी तिकडे गेली.

तारखा शेजारच्या, प्रश्नही शेजारचेच. मग आपला सुटला आणि त्यांचा का अडला?

घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. विधानसभांचे मत विचारायचे असते, पण त्यांची संमती लागत नाही. साधे बहुमत पुरते. तरीही कुठल्याच केंद्र सरकारने बेळगावचे विधेयक आणले नाही. मला वाटते, ही कोंडी पक्षापक्षांमधली नाही, प्रत्येक पक्षाच्या पोटातली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने एकमताने ठराव केला, पाच दिवसांनी महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. दोन्हीकडे सत्ताधारी आणि विरोधक एक! राष्ट्रीय पक्षाने बोट उचलले तर एका राज्यातली आपलीच शाखा बुडते. म्हणून सगळे गप्प.

अशी कोंडी संसदेने फोडल्याचे एक उदाहरण आहे, आणि ते फोडणारा मराठी माणूस होता. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात हरिभाऊ पाटसकर मध्यस्थ होते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही मापे आधी ठरली, गावे नंतर मोजली. १९५९ साली संसदेने कायदा केला, तिरुत्तणी मद्रासकडे गेले आणि आंध्रलाही गावे मिळाली.

बेळगावच्या बाबतीत उलटे झाले. माप न ठरवताच न्यायाधीश नेमला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग आला. पुढल्या वर्षी अहवाल आला: निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला, आणि बेळगाव आहे तिथेच. म्हैसूरने तो मानला, महाराष्ट्राने नाकारला. जी निपाणी आयोगानेही महाराष्ट्राला दिली होती, तीसुद्धा त्या भांडणात अडकून पडली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

आणि गंमत पाहा, आयोग नेमला गेला त्याच हिवाळ्यात संसदेने गोव्याचा जनमत कौलाचा कायदा केला. आपल्याकडेही दिल्लीतली काँग्रेस दुभंगलेली होती. महाराष्ट्रातल्या काँग्रेसवाल्यांना विलीनीकरण हवे, म्हैसूरवाल्यांना नको. संसदेने निकाल स्वतः दिला नाही, लोकांवर सोपवला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने कौलाआधी राजीनामा दिला. १९६७ च्या १६ जानेवारीला लोकांनी फूल की दोन पाने ते ठरवले. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१.

आमच्यासारख्या मराठीवादी घरांत ते ३४,०२१ मतांचे अंतर पुढे कित्येक वर्षे सलत राहिले. पण मागे वळून बघताना वाटते, आपण हरलो तरी प्रश्न संपला. भाऊसाहेब पुन्हा निवडून आले, मुख्यमंत्री झाले, आणि आपण पुढच्या कामाला लागलो. बेळगाव-निपाणीच्या माणसाला हरायचीसुद्धा संधी कोणी दिली नाही.

आज सत्तर वर्षांनी तिथे नुसता कौल घेऊन भागेल, असे मी म्हणत नाही. वस्ती बदलली आहे, आणि तिथल्या कन्नड माणसाचेही घर तेच आहे. पण माप आधी ठरवावे, ते अक्कलकोट-जतच्या गावांनाही लावायची आपण तयारी ठेवावी, आणि निकाल जड गेला तरी मानावा. एवढे ठरले तर संसदेला पुढचे काम अवघड नाही.

तोवर १६ तारखेला आपला उत्सव, आणि १७ ला घाटापलीकडे मूक फेरी.