आश्रयदाता, मालक आणि पेठ : महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉल संघांची अस्थिर वाटचाल आणि सातारा-सांगली परिसर

प्रस्तावना

पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे जाताना सातारा आणि कराड मागे टाकले की कोल्हापूर लागते. सांगली आणि मिरज ही जोडशहरे या मार्गाच्या पूर्वेस, कृष्णेच्या खोऱ्यात वसली आहेत. फुटबॉलच्या इतिहासाच्या दृष्टीने हे दोन्ही जिल्हे एका विलक्षण जागी आहेत. त्यांच्या उत्तरेस पुणे आहे. तेथे २००७ ते २०१९ या अवघ्या बारा वर्षांत चार व्यावसायिक संघ राष्ट्रीय पातळीवर खेळले आणि चारही नाहीसे झाले. दक्षिणेस कोल्हापूर आहे. तेथील पेठांचे आणि तालमींचे संघ कोणत्याही उद्योगसमूहाच्या आधाराविना पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. या दोहोंच्या मधल्या सातारा-सांगलीतून मात्र राष्ट्रीय साखळीत एकही संघ उतरला नाही. व्यावसायिक फुटबॉलच्या खालच्या श्रेणीतील संघ टिकत का नाहीत, आणि या दोन जिल्ह्यांत असा संघ उभा राहिलाच तर तो कशाच्या बळावर उभा राहील, या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सांगलीचा एक जुना दाखला

खेळाडूंच्या संघाची तुलना नाटक मंडळीशी करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु व्यवस्थेच्या दृष्टीने पाहता दोहोंचे दुखणे एकच आहे. ठरावीक माणसे वर्षभर पोसावी लागतात, त्यांचा तालमीचा काळ उत्पन्नाविना जातो आणि प्रत्यक्ष प्रयोगाचे दिवस थोडे असतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि दरबाराने हात आखडता घेतला. भाव्यांपुढे तेव्हा दोन मार्ग होते : मंडळी मोडणे किंवा प्रेक्षकाकडे जाणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पुण्या-मुंबईकडे दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी रंगभूमीच्या व्यावसायिकतेचा आरंभ या अडचणीतून झाला, हे सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, आश्रयदाता गेल्यावर मंडळीकडे स्वतःच्या मालकीचे काही शिल्लक होते. नटसंच, आख्याने आणि नाव भाव्यांचे होते, दरबाराचे नव्हते. महाराष्ट्रातील आधुनिक फुटबॉल संघांची स्थिती नेमकी याच्या उलट असल्याचे दिसून येते.

मालकांचे संघ

भारतात राष्ट्रीय फुटबॉल साखळी १९९६ मध्ये सुरू झाली. २००७-०८ च्या हंगामापासून तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले आणि तिच्याखाली द्वितीय श्रेणीची स्पर्धा ठेवण्यात आली. या रचनेने महाराष्ट्रात नवे संघ काढण्यास उत्तेजन मिळाले. २००७ मध्ये मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे दोन संघ स्थापन झाले. मुंबई एफसीने २००८ मध्ये द्वितीय श्रेणीचे पहिले विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००९ मध्ये वर आला आणि २००९-१० च्या पहिल्याच हंगामात तिसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१२-१३ मध्ये तर तो उपविजेता ठरला. या संघाने युवा प्रबोधिनीकडेही लक्ष पुरवले होते.

याच सुमारास एका जुन्या संघाचा शेवट झाला. महिंद्र उद्योगाचा संघ १९६२ पासून मुंबईत खेळत होता. पुढे ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय साखळी जिंकली. ड्युरँड चषक आणि फेडरेशन चषकही त्याच्या नावावर होते. २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने वरिष्ठ संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे वळण्याचा निर्णय घेतला. पुढील वर्षी पंजाबमधील जेसीटी हा राष्ट्रीय साखळीचा पहिला विजेता संघही बंद झाला. महिंद्र युनायटेड पराभूत होऊन खाली गेला नव्हता. मैदानावरील कामगिरी आणि संघाचे आयुष्य यांचा परस्परसंबंध तुटल्याची ही खूण होती, आणि ती त्या वेळी पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिची पार्श्वभूमी डिसेंबर २०१० मधील कराराची होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या करारान्वये पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांना दिले होते. नव्या स्पर्धेत पुण्याला एफसी पुणे सिटी हा स्वतंत्र संघ मिळाला. एकाच शहरात, बालेवाडीच्याच क्रीडासंकुलात, आता झगमगाटाचा एक संघ आणि जुन्या साखळीतला दुसरा संघ अशी विभागणी झाली. २०१४-१५ च्या हंगामानंतर पिरामल समूहाने पुणे एफसीतून अंग काढून घेतले. वरिष्ठ संघाला वाली मिळाला नाही, केवळ युवा प्रबोधिनी एफसी पुणे सिटीने घेतली. याच हंगामासाठी कल्याणी समूहाने भारत एफसी हा संघ काढला होता. तो एकच हंगाम खेळला, शेवटच्या स्थानी राहिला आणि २०१५ मध्ये बंद झाला.

शिवाजीयन्सचे प्रकरण अधिक बोलके आहे. १९८७ पासून पुण्याच्या स्थानिक फुटबॉलमध्ये असलेला हा क्लब २०१३ मध्ये डीएसके या बांधकाम समूहाने घेतला आणि तो ‘डीएसके शिवाजीयन्स’ झाला. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबशी सहकार्य करून समूहाने पुण्याजवळ निवासी प्रबोधिनी चालवली. पुढे राष्ट्रीय संघातून खेळलेला मिझोरामचा लालियानझुआला छांगते तेथेच घडला. संघ द्वितीय श्रेणीत खेळत होता. मात्र २०१५-१६ मध्ये तो वर आला तो मैदानावरच्या विजयाने नव्हे, तर उद्योगसमूहांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशाच्या वाटेने. त्या हंगामात तो नऊ संघांत शेवटचा आला. थेट प्रवेशामुळे त्याला पदावनतीपासून संरक्षण होते. परिणामी आठव्या क्रमांकावरील ऐझॉल एफसीवर खाली जाण्याची पाळी आली. गोव्यातील साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी माघार घेतल्यामुळेच ऐझॉलला पुन्हा स्थान मिळाले, आणि त्याच ऐझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! पैशाने राखलेली जागा आणि खेळाने मिळवलेली जागा यांतील फरक याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये क्वचितच सापडेल.

या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील हे त्यापूर्वी सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. बेताच्या साधनसामग्रीवर त्यांनी तो संघ दरवर्षी वरच्या श्रेणीत टिकवून धरला होता. २०१६ मध्ये संघाने त्यांना दूर केले. २०१६-१७ मध्ये मुंबई एफसी तळाला गेला आणि द्वितीय श्रेणीत उतरण्याऐवजी बंदच झाला. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्सनेही राष्ट्रीय साखळी सोडली. त्या वर्षाच्या अखेरीस ठेवीदारांच्या तक्रारींमुळे मालक समूहच अडचणीत आलेला होता. उरलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक ओढाताणीत संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, तरी तेथेही देणी थकली. अखेर २०२५ मध्ये तो संघ दिल्लीस हलवला जाऊन ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. सहा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली. पुण्यातील प्रेक्षकाला या प्रवासात कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

खालच्या श्रेणीचे अर्थकारण

पदावनती म्हणजे संघाचा मृत्यू, असे समीकरण भारतात का रूढ झाले, याचे कारण खालच्या श्रेणीच्या अर्थकारणात आहे. खर्च फारसा उतरत नाही. खेळाडूंचे मानधन, देशभरचा प्रवास, मैदानाचे भाडे आणि परवान्यासाठी आवश्यक असलेले युवा संघ हे सर्व सांभाळावेच लागते. उत्पन्न मात्र जवळजवळ नाहीसे होते. सामने दूरचित्रवाणीवर क्वचित दिसतात, म्हणून पुरस्कर्ते येत नाहीत. पुरस्कर्ते नसल्याने चांगले खेळाडू थांबत नाहीत. खेळाडू विकून पैसा उभा करावा, तर देशांतर्गत बदलीचा बाजारही लहान. अशा स्थितीत संघ चालू राहतो तो केवळ मालकाच्या इच्छेवर. मुंबईच्या केंकरे एफसीने २०२१-२२ आणि २०२२-२३ असे दोन हंगाम आय-लीग खेळून पदावनती पत्करली, तेव्हा महाराष्ट्राचे त्या श्रेणीतील प्रतिनिधित्वही संपले. २०२३ मध्ये आय-लीग ३ ही आणखी एक पायरी खाली जोडण्यात आली. शिडीला पायऱ्या वाढल्या, परंतु प्रत्येक पायरीवर उभे राहण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

२०२५ मध्ये तर शिडीचा वरचा टोकच डळमळीत झाला. व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने जुलैत सुपर लीगचा हंगाम स्थगित करण्यात आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. अखेर फेब्रुवारी २०२६ पासून आखूड स्पर्धा खेळवण्याचे ठरले. आय-लीगचा हंगामही खोळंबला. खालच्या श्रेणीतील खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे जेमतेम दहा-बारा. त्यांतले एक वर्ष सामन्यांविना गेले, तर ते भरून निघत नाही.

पेठेचे संघ

कोल्हापुरात चित्र वेगळे आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० मधील. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथील लहान मुलालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर या संघांच्या सामन्यांना जी गर्दी होते, तिचा हेवा राष्ट्रीय साखळीतील संघांनी करावा. संघ तालमीचा, तालीम पेठेची आणि खेळाडू बहुधा त्याच गल्लीतला. अलीकडच्या काळात परदेशी खेळाडूही आणले जातात. वर्गणी, स्थानिक देणगीदार, राजकीय पुढाऱ्यांची मदत आणि बक्षिसांच्या रकमा यांवर गाडा चालतो. मालक नसल्यामुळे बंद करणाराही कोणी नाही.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. पेठांची ईर्षा अनेकदा हाणामारीपर्यंत गेली आहे आणि सामने थांबवावे लागले आहेत. हिशेब, करार, विमा यांची शिस्त राष्ट्रीय परवान्याच्या कसोटीला उतरणारी नाही. येथील गुणी खेळाडूस पुढे जाण्यासाठी कोल्हापूर सोडावेच लागते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, परंतु त्याची घडण पुण्यात झाली. पेठेचा संघ मरत नाही आणि वाढतही नाही, अशी ही अवस्था आहे.

सातारा-सांगलीचा प्रश्न

सातारा जिल्ह्यात फुटबॉल अपरिचित नाही. पाचगणीच्या निवासी शाळा आणि १९६१ मध्ये सुरू झालेले साताऱ्याचे सैनिक स्कूल येथे तो दीर्घकाळ खेळला जात आहे. पण शाळेच्या कुंपणाबाहेर तो फारसा आला नाही. या परिसराची क्रीडापरंपरा प्रामुख्याने एकट्याने लढण्याच्या खेळांची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीच्या बळावर. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. माण तालुक्याची धावपटू ललिता बाबर, साताऱ्याची तिरंदाज अदिती स्वामी, सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर ही अलीकडची नावेही याच धाटणीची आहेत. एका गुणी मुलामागे कुटुंब उभे राहते, गाव वर्गणी काढते, साखर कारखाना मल्लाला मानधन देतो. ही दानत या मातीत निश्चितच आहे. परंतु अकरा खेळाडूंची संस्था दरवर्षी चालवणे हे वेगळ्या प्रकारचे काम आहे. एकाच्या प्रवासखर्चासाठी घर गहाण ठेवता येते, एका संघाच्या दहा हंगामांसाठी ठेवता येत नाही.

येथे या दोन जिल्ह्यांचा दुसरा वारसा विचारात घ्यावा लागतो. सहकारी साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, तसेच १९१९ मध्ये काले येथे स्थापन होऊन पुढे साताऱ्यात स्थिरावलेली रयत शिक्षण संस्था यांच्या रूपाने अनेकांच्या अल्प भांडवलावर दीर्घायुषी संस्था चालवण्याचा अनुभव येथे जमा झाला आहे. जर्मनीत १९९८ मध्ये क्लबांना कंपनीरूप घेण्याची मुभा देताना निम्म्याहून अधिक मतदानाचा हक्क सभासदांच्याच हाती राहील, अशी अट घालण्यात आली. इंग्लंडमध्ये १८८५ पासूनचा बरी हा क्लब देणी थकल्यामुळे २०१९ मध्ये साखळीतून काढला गेला, तेव्हा त्याला पुन्हा मैदानावर आणण्यासाठी समर्थक एकत्र आले. शेअर भांडवल, वार्षिक सभा आणि एका सभासदाला एक मत ही भाषा कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला परकी नाही. तिचे दोषही त्याला ठाऊक आहेत. गटबाजी, निवडणुकांचे राजकारण आणि कर्जबाजारी झालेले कारखाने त्याने पाहिले आहेत. सहकारी तत्त्वावरील क्लब हा त्यामुळे हमखास उपाय ठरत नाही. मालक एका सकाळी पत्रक काढून तो मिटवू शकणार नाही, एवढेच त्याच्याविषयी खात्रीने म्हणता येते.

आणखी एका बाबीकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बंद पडलेल्या संघांची कागदपत्रे, सामन्यांच्या नोंदी, छायाचित्रे आणि खेळाडूंचे करार कंपन्यांच्या दप्तरात राहिले आणि त्या दप्तरांचे पुढे काय होते यावर कोणाचेही नियंत्रण नाही. भाव्यांच्या मंडळीविषयी पावणेदोनशे वर्षांनंतरही बरेच काही सांगता येते. २०१५ मध्ये संपलेल्या पुणे एफसीच्या राखीव खेळाडूंचे पुढे काय झाले, हे शोधण्यासाठी आज त्या खेळाडूंच्याच दारी जावे लागेल. त्यांतील बहुतेक अजून चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत आणि त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवण्यास महाविद्यालयीन इतिहास विभागांना अद्याप वेळ आहे.