पाळीचा खाडा

'खाडा' हा शब्द आपल्या घरी दुधाच्या हिशेबात येतो. ऊसतोडीच्या फडावर त्याचा अर्थ जड आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम ती 'उचल'. आणि काम चुकलेल्या दिवसाचा दंड, तो 'खाडा'. बाईची पाळी या हिशेबात कुठेच बसत नाही.

१९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कारखाने वाढले, तशा मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्याही वाढल्या. आपल्या निफाड-दिंडोरीकडेही त्यांच्या कोप्या पडतात. पाणी लांब, आडोसा नाही, डोक्यावर उसाची मोळी. अंगावरून जास्त जाऊ लागले, तरी बाई दुखणे अंगावरच काढते. अगदीच असह्य झाले की दवाखाना गाठते. तिथे अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली आणि पिशवी काढली गेली.

२०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांतल्या साडेतेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक! देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६च्या पाहणीत सुमारे ३ टक्के होते. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

खरे तर बहुतेक तक्रारींना आधी औषध आहे. पांढरे जाणे बरेचदा जंतुसंसर्गाने होते. ते गोळ्यांनी बरे होते. जास्त रक्तस्राव आणि पोटदुखीवरही औषधे आहेत, रक्त कमी झाले तर लोहाच्या गोळ्या आहेत. मात्र स्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासाला कपडा भिजू लागला, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर तपासणी टाळू नये. शस्त्रक्रिया काहींना लागतेच; पण तरुण वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी मोकळेपणाने लिहिले. आपण मात्र अजून 'कावळा शिवला' म्हणून विषय संपवतो. घरात ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याची सुट्टी बाईने मुकादमाकडे कोणत्या शब्दांत मागावी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)