राणीच्या नावाचे डोंगरघर

आज आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या मोंते रोझा या बर्फाच्या डोंगरावर. तिथे ४५५४ मीटरवर, म्हणजे पावणेतीन कळसूबाई एकावर एक रचाव्यात तेवढ्या उंचीवर, गिर्यारोहकांच्या मुक्कामाचे घर आहे. युरोपात इतक्या उंचावर दुसरी इमारत नाही. आजचे घर १९८० सालचे. विजेपासून बचाव व्हावा म्हणून त्याला बाहेरून तांब्याचे पत्रे आहेत.

पण पहिले घर १८९३ चे, लाकडी. ते आधी खाली खोऱ्यात तयार केले, मग सुटे करून खेचरांवर आणि शेवटी माणसांच्या पाठीवर वर नेले. डोक्यावर सरपणाची मोळी आणणाऱ्या आपल्याला वेगळे काय सांगायचे! तिथे तर हवा इतकी विरळ, की रिकाम्या हातांनीही धाप लागते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इटलीची राणी मार्गेरिता तिथे गेली, रात्रभर राहिली. बायकांनी डोंगर चढले की नाके मुरडायचा तो काळ. आम्हाला तिचे कौतुकच वाटते. घरालाही तिचेच नाव आहे.

गटाच्या बैठकीत हे सांगितले, तर एक मावशी लगेच म्हणाल्या, "आणि फळ्या वाहिल्या त्यांचं?"